आज वेगळं आहे: ऑटिझम असलेल्या लहान मुलाला छोट्या बदलांची सवय लावताना

आमच्याकडे पहिला मोठा राडा झाला तो ताटावरून. लेक तेव्हा साडेतीन वर्षांचा. त्याचं कप्प्यांचं स्टीलचं ताट घासायला पडलं होतं, म्हणून सासूबाईंनी साध्या ताटात वाढलं. वरण तेच, बट्टी तीच, पाट तोच. बट्टी वरणात कुस्करलेली त्याला चालत नाही, एका कप्प्यात वरण आणि दुसऱ्यात बट्टीचे तुकडे लागतात. साध्या ताटात वरणाचा ओघळ सरकत सरकत बट्टीला लागला, तो त्यानं पाहिला, आणि पुढचा पाऊण तास घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सासूबाई घाबरून सारख्या म्हणत होत्या, "मी त्याले फक्त ताट बदली दिधं."

त्यातलं 'फक्त' आपलं असतं, मुलाचं नसतं. मी डॉक्टर नाही, विशेष शिक्षिकाही नाही. तीन वर्षं थेरपीवाल्या ताईंचं ऐकत, आणि निम्म्या वेळा न ऐकता चुका करत, जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या आईबापांना उपयोगी पडेल.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा पहिला गाजलेला लेख लिहिला. सगळं जिथल्या तिथे, जसंच्या तसं असावं हा या मुलांचा आग्रह तेव्हाच त्यांच्या नजरेत भरला होता. आजही निदानाच्या निकषांत तो आहे. समजायला सोपं करून सांगते. आपल्या डोक्यात 'जेवण' हा एक ढोबळ नियम असतो, ताट कुठलंही चालतं. या मुलांना बहुधा अख्खं चित्रच जेवण म्हणून कळलेलं असतं: ते ताट, तो कप्पा, पंख्याचा तो आवाज. त्यातला एक तुकडा हलला की पुढे काय होणार याचा अंदाजच जातो. मग जे दिसतं तो हट्ट नसतो, भीती असते. ओळखायची एक खूण आहे. हट्ट करणारं पोर डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघत असतं आणि हवं ते मिळालं की गप्प बसतं. मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे भीतीनं मूल असं पार कोलमडतं तेव्हा, हवं ते देऊनही रडणं थांबत नाही. आम्ही कप्प्यांचं ताट घासून पुढ्यात ठेवलं, तरी तो अर्धा तास रडतच होता.

यावर लोक दोनच उपाय सुचवतात. एक, काहीच बदलू नका. दुसरा, आमच्या जेठांचा, "रोज बदला, आपोआप सुधरेल." पहिल्यानं घर तुरुंग होतं आणि दुसऱ्यानं पोराचा आपल्यावरचा विश्वास उडतो. आम्हाला जमलेली वाट वेगळी आहे. दिनक्रम मोडायचा नाही, दिनक्रमातच बदलाला एक ठरलेली जागा करून द्यायची.

आधी पंधरा दिवस नुसतं लिहा

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक राड्यानंतर चार गोष्टी लिहा: काय बदललं, त्याआधी काय चाललं होतं, रात्री झोप किती झाली होती, पोट साफ होतं का. मी चौदा दिवसांत १७ नोंदी केल्या आणि वाचताना खजील झाले. त्यातल्या सहा नोंदींचा बदलाशी संबंधच नव्हता. मिक्सर चालू होता, शर्टाचं लेबल टोचत होतं, दोन दिवस शौचाला झालं नव्हतं. दात, कान, पोट यातलं काही दुखत असेल तर आधी डॉक्टर. तापलेल्या, जागलेल्या, बद्धकोष्ठ झालेल्या पोरावर बदलाचे धडे गिरवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, त्या दुपारी तर मोठी माणसंही वसकन अंगावर येतात. आम्ही मे महिन्यात नवीन काही सुरू करतच नाही.

खुंट्या ठरवा

वहीवरून तुम्हाला कळेल की काही गोष्टी पोराला घट्ट धरून ठेवतात. त्यातल्या तीन-चार निवडा आणि घरात जाहीर करा की यांना कुणी हात लावायचा नाही. आमच्या खुंट्या अशा: निळी उशी, झोपण्याआधीचा क्रम (दूध, दात, लाईट बंद, पाठीवर हात) आणि शाळेतून आल्यावर झोक्यावर दहा मिनिटं. पाहुणे येवोत, गावाला जाणं होवो, उशी बरोबर जाते. बाकी सगळं हळूहळू हलवता येतं, कारण या हलत नाहीत.

दिवसाची पट्टी

शब्द बोलला की उडून जातो, चित्र भिंतीवर टिकून राहतं. चित्रांनी दिवस दाखवायची ही पद्धत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी उभ्या केलेल्या 'टीच' कार्यक्रमातून जगभर पसरली. आपल्याला त्यासाठी काही मागवावं लागत नाही. मोबाईलवर फोटो काढा: तुमचीच मोरी, तुमचंच ताट, शाळेचं फाटक, रिक्षा. इंटरनेटवरचं गोऱ्या मुलाचं बाथटबमधलं चित्र बघून आमच्या लेकाला काडीचा बोध झाला नव्हता. झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, शिवणाच्या सामानाच्या दुकानातून मीटरवर मिळणारी वेल्क्रो, आणि मागे जाड पुठ्ठा. आमचा सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

पट्टी उभी लावा, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. सुरुवातीला अख्खा दिवस नको, दोनच कार्डं: आधी हे, मग ते. आधी चप्पल, मग रिक्षा. ते पक्कं झालं की चार-पाच. काम झालं की कार्ड त्यानंच काढून खालच्या डबीत टाकायचं. टप्पकन पडण्याचा आवाज त्याला आवडतो, त्या आवाजासाठी तो आंघोळ उरकतो. फोटो कळत नसेल इतकं मूल लहान असेल तर वस्तूच हातात द्या. आंघोळीला जायचं तर पाण्याचा मग, बाहेर जायचं तर चप्पल. महिना-दीड महिना पट्टीवर बदल म्हणून काही लावू नका. आधी पट्टी खरं बोलते एवढा भरवसा बसू द्या.

बदलाचं कार्ड

आता मुख्य काम. एक वेगळ्याच रंगाचं कार्ड करा. आमचं केशरी आहे, त्यावर वळलेला बाण आणि 'आज वेगळं' हे शब्द. रंग, चिन्ह आणि शब्द कधीही बदलायचे नाहीत. बदल सांगणारी गोष्ट स्वतः मात्र कधीच बदलत नाही, सगळी मेख इथे आहे.

पहिले दोन-तीन आठवडे हे कार्ड फक्त गोड बातमी घेऊन येतं. दुपारच्या केळ्याच्या जागी केशरी कार्ड आणि त्याच्या शेजारी आईस्क्रीम. घरी बसण्याच्या जागी केशरी कार्ड आणि बाग. आम्ही इथेच पहिल्यांदा चुकलो. कार्ड तयार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते सुई टोचायला नेण्यासाठी वापरलं. पुढे दोन महिने केशरी रंग दिसला की तो पलंगाखाली जायचा. शेवटी ते कार्ड फेकून नव्या चिन्हाचं कार्ड केलं आणि पुन्हा आईस्क्रीमपासून सुरुवात केली.

गोड बदल अंगवळणी पडले की ना गोड ना कडू असे आणा: आंघोळ आधी, नाश्ता नंतर. रिक्षाऐवजी पप्पांची गाडी. त्यानंतर थोडे नावडते, तेही आठवड्यातून एखाददुसरे, आणि त्याच दिवशी एखादा गोड बदलही ठेवा. केशरी कार्ड दिसलं की दर वेळी नावडतंच निघणार असं त्याला वाटायला नको.

कार्ड लावण्याची एक रीत आहे. जुनं कार्ड गुपचूप काढायचं नाही. पोराला बोलवायचं, जुन्या कार्डावर बोट ठेवून "झोका आज नाही" म्हणायचं, ते पट्टीशेजारच्या 'नंतर' लिहिलेल्या खिशात त्याच्याच हातानं टाकायचं, मग केशरी कार्ड, मग नवी गोष्ट. झोका कुठे गेला हे त्याला दिसत राहतं. उद्या सकाळी तो खिशातून निघून पट्टीवर आला पाहिजे. एकदा मी विसरले, तेव्हा त्यानं स्वतः खिसा उपडा करून दाखवला.

एका ग्लासाची गोष्ट

बदल किती लहान तुकड्यांत कापायचा याचा अंदाज यावा म्हणून आमच्या लाल ग्लासाचं सांगते. पाणी, दूध, ताक, सगळं फक्त त्या लाल प्लॅस्टिकच्या ग्लासातूनच. एका लग्नाला जाताना तो घरी राहिला आणि पोर चार तास उन्हाळ्यात कोरडं राहिलं. त्यानंतर ठरवलं की यावर काम करायचं.

पहिल्या आठवड्यात स्टीलचा पेला लाल ग्लासाशेजारी नुसता ठेवला. त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तो उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, आम्ही तो जेवताना परत आणला. चौथ्या दिवशी त्यानं राहू दिला. मग पेल्यात पाणी भरून त्यानं तुळशीला घालायचं. हे त्याला फार आवडलं, तुळस जवळजवळ कुजली. मग पेल्यातलं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत लाल ग्लासात ओतायचं आणि लाल ग्लासातूनच प्यायचं. मग पेल्यातून एक घोट, लगेच लाल ग्लास. तिथे गाडी अडली, नऊ दिवस. पेल्याचा काठ ओठाला गार लागत होता हे माझ्या नणंदेच्या लक्षात आलं, आम्ही तो कोमट पाण्यानं विसळून द्यायला लागलो आणि घोट गेला. मग दोन घोट, अर्धा पेला, आणि शेवटी लाल ग्लास कपाटात, दार उघडं. सगळं मिळून सात आठवडे.

यातले दोन नियम कुठल्याही बदलाला लावा. एका वेळी एकच गोष्ट हलवा. ग्लास बदलतोय तर त्यात पाणीच, ताक नको, माणूस तोच, जागा तीच. आणि एखाद्या पायरीवर तीन दिवस सलग रडू आलं तर पायरी मोठी आहे, तिचे दोन तुकडे करा. मागे यायची लाज वाटू देऊ नका.

जेवणाच्या पदार्थांवर हे करताना मात्र जपून. पोळीत पालक लपवणं, दुधात औषध मिसळणं असले डाव एकदा उघडे पडले की मूल पोळी आणि दूध दोन्ही सोडतं. खाण्याचे पदार्थ बोटांवर मोजण्याइतके उरले असतील किंवा वजन घटत असेल तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

बोलायचं कसं

घरात सगळ्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरायचा. आमच्याकडे आजी म्हणायच्या "आंग धोवाले चाल", मी म्हणायचे "आंघोळ", आणि बालवाडीत 'बाथ टाईम'. पोराच्या लेखी त्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. आम्ही बैठक घेऊन घरापुरता आजींचा शब्द पक्का केला, कारण आंघोळ त्याच घालतात. अहिराणी सोडा, फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. ज्या भाषेत तुम्ही पोराला मनापासून हाक मारता तीच बोला, शब्द तेवढे ठरवून घ्या.

वाक्य चार शब्दांचं. "असं नाही, तसं नाही" यापेक्षा काय आहे ते सांगा. सांगून झालं की मनात दहापर्यंत मोजा, उत्तराची वाट बघा. त्याला ऐकलेलं आत पोचायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात तेच तीनदा म्हणून त्याचा गोंधळ वाढवतो. 'पाच मिनिटांत' हे शब्द बंद करा, मोबाईलचा टायमर किंवा वाळूचं घड्याळ दाखवा. आणि खोटं नाही. "आलोच हं" म्हणून पप्पा मागच्या दारानं कामाला गेले की त्या दिवसापुरतं काम सोपं होतं, पण पुढचे पंधरा दिवस पोर पप्पांचा शर्ट सोडत नाही.

तरीही फुटलंच तर

फुटणारच. तेव्हा शिकवणी बंद. एकाच माणसानं जवळ राहायचं, बाकीच्यांनी खोलीबाहेर. टीव्ही बंद, लाईट मंद, आवाज खाली. प्रश्न विचारू नका, लालूच दाखवू नका. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा, हात करकचून धरू नका. पाठीवर दाब काही मुलांना बरा वाटतो, काहींना अजिबात नाही. तुमच्या पोराचं तुम्हालाच माहीत.

माघार घ्यायची की नाही, हा प्रश्न हमखास येतो. बदल आपण सरावासाठी आणला होता आणि तो जड गेला, तर खुशाल मागे घ्या, चूक आपल्या मोजमापाची आहे. बदल टळण्यासारखाच नसेल, म्हणजे रस्ता खणला आहे किंवा बस चुकली आहे, तर तो तसाच राहू द्या आणि बाकी सगळं मऊ करा: उशी द्या, पाणी द्या, गर्दीतून बाहेर काढा. बसस्टँडवर लोक हटकून म्हणतात, "दोन दणके द्या." मी आता उत्तर देत नाही, पाठ फिरवून बसते.

लाईट, पाणी आणि कानबाई

आमच्या भागात काही बदल पंचांगासारखे येतात, त्यांचा सराव आधीच करता येतो. लाईट जाणं घ्या. एखाद्या संध्याकाळी, तो मजेत असताना, केशरी कार्ड लावा, त्याच्या हातात बॅटरी द्या आणि आपण मेन स्विच बंद करताना त्याला पाहू द्या. एक मिनिट. मग चालू. पुढच्या खेपेला तीन मिनिटं. खरी लाईट गेली की बॅटरी कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. नळाला पाणी रोज येत नाही, तो दिवस पट्टीवर हंड्याच्या चित्रानं दाखवला की पहाटेच्या धावपळीनं तो दचकत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होते, तेव्हा आठवडाभर आधीपासून उठण्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा.

सगळ्यात कठीण कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, त्याआधी घराला रंग, सगळं सामान बाहेर, भाऊबंद गोळा, रोटांचा घाट, रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आपल्या जिवाला आनंद, पोराच्या दृष्टीनं भूकंप. आम्ही काय करतो ते सांगते. रंगकाम करणाऱ्याला त्याचा कोपरा शेवटी घ्यायला सांगतो आणि आधी तिथल्या भिंतीचा फोटो काढून पट्टीवर लावतो, शेजारी रंगाच्या डब्याचा फोटो. मागच्या वर्षीच्या कानबाईच्या फोटोंची छोटी वही केली आहे, पानाला एक वाक्य: 'घरात खूप माणसं येतात. ढोल वाजतो. मी कान झाकू शकतो. मला नको वाटलं तर मी गच्चीवर जातो. मग सगळे आपल्या घरी जातात.' अशा गोष्टींची रीत कॅरोल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेनं रुजवली. ती पंधरा दिवस रोज रात्री वाचतो. शेवटचं पान सोडायचं नाही, संपतं हे कळणं फार गरजेचं आहे.

प्रत्यक्ष दिवशी गर्दी जमायच्या आत त्याला मूळ घरी नेतो, म्हणजे माणसं एकेक करून वाढतात. गच्चीवर निळी उशी आणि कानावर लावायचे आवाजरोधक हेडफोन आधीच पोचलेले असतात. कोण त्याला घेऊन उठणार हे आधी ठरलेलं असतं, नाहीतर ऐन वेळी सगळे एकमेकांकडे बघतात. पहिल्या वर्षी वीस मिनिटं थांबलो. यंदा आरतीपर्यंत. जेठाणींना तेव्हा वाटलं होतं मी मानपान सोडून पळतेय. आता त्याच गच्चीचं दार उघडून ठेवतात.

शाळा आणि कागदपत्रं

बाईंना एक पानाची चिठ्ठी द्या: खुंट्या कुठल्या, केशरी कार्ड काय, फुटलं तर काय करायचं. कार्डाची एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवा. बाई रजेवर असतील, बाक हलणार असेल, स्नेहसंमेलनाची तालीम असेल, तर आदल्या दिवशी कळवा अशी विनंती करा. समावेशित शिक्षणासाठीचे विशेष शिक्षक 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून शाळांना भेट देतात, गटसाधन केंद्रात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे शाळेत सामावून घेणं हा हक्क आहे, उपकार नाही.

अजून निदान झालं नसेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, ते पुढे जिल्हा पातळीवरच्या तपासणी केंद्राकडे पाठवतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. ऑटिझम 'बरा' करतो म्हणणारे भेटतील, पैसे घट्ट धरून ठेवा. आणि येत असलेले शब्द अचानक गेले, फिट आली, किंवा वागणं एकाएकी बदललं तर कार्ड-पट्टीच्या मागे न लागता थेट डॉक्टरकडे.

केस कापणं आम्हाला अजून जमलेलं नाही. तो झोपेत असताना मी कात्रीनं कापते, एक बाजू नेहमी वर राहते. दुकानाची शिडी सुरू केली आहे. पहिली पायरी, समोरच्या फुटपाथवरून चालत जायचं. दुसरी, दारात उभं राहून पप्पांचे केस कापताना बघायचं. तिथे दोनदा जमलं, तिसऱ्यांदा मशीनचा आवाज झाला आणि तो बाजारपेठेतून पळत सुटला. पायरी मोठी होती. आता तिचे दोन तुकडे केले आहेत, मशीनचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणला आहे, अगदी बारीक आवाजात, झोक्यावर बसल्यावर ऐकवतो. येत्या रविवारी आवाज एक घर वाढवायचा आहे.